व्हिस्कस कपलिंग खरोखर बिघडले आहे का, हे कसे ओळखावे? (फोर-व्हील-ड्राइव्ह व्हॅन)

लांबचा पल्ला (धागाकर्ता):

माझ्याकडे १९८९ची फोक्सवॅगन टी३ सिंक्रो आहे. ज्यांना या गाडीची रचना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. इंजिन आणि गिअरबॉक्स मागे आहेत, मूळ ओढ मागच्या चाकांना मिळते, आणि गिअरबॉक्समधून एक प्रॉपेलर शाफ्ट पुढे जातो. त्या शाफ्टच्या टोकाला, पुढच्या डिफरन्शिअलच्या (डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणाऱ्या दातेरी यंत्रणेच्या) नाकातच, व्हिस्कस कपलिंग, म्हणजे घट्ट द्रवातून ताकद पलीकडे नेणारा बंद डबा, बसवलेले आहे. पुढच्या चाकांकडे जाणारी सगळी ताकद त्या एका डब्यातून जाते.

तक्रार अशी आहे. लांबचा सरळ प्रवास करून आल्यावर गाडी उभी करण्यासाठी स्टेअरिंग पूर्ण वळवले की कुणीतरी ब्रेक दाबल्यासारखी गाडी अडते. क्लच दाबला तर चार बोटेही पुढे सरकत नाही, जागच्या जागी थांबते. पुढचे टायर घासल्याचा आवाज येतो आणि स्टेअरिंग हातातून सरळ व्हायला बघते. सकाळी गाडी थंड असताना मात्र हाच वळसा ती विनातक्रार घेते.

अशाच लक्षणांवरून १४ महिन्यांपूर्वी एका गॅरेजने कपलिंग गेल्याचे सांगितले होते. त्यांच्या सल्ल्याने मी दुरुस्त करून मिळणारे कपलिंग बसवले. काही महिने बरे गेले आणि आता पुन्हा तेच सुरू झाले आहे. दुसऱ्यांदा तोच खर्च करण्याआधी मला खात्री हवी आहे. कपलिंग न उघडता त्याची पारख करण्याची काही रीत आहे का?

तेलकट हात:

रीत आहे, पण ती कपलिंगपासून सुरू होत नाही. मी गेली अनेक वर्षे या गाड्यांचे गिअरबॉक्स आणि डिफरन्शिअल उघडतो आहे. कपलिंग घट्ट झाले म्हणून माझ्याकडे आलेल्या गाड्यांत मी सर्वप्रथम टायर मोजतो. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या घेरात फरक असेल तर सरळ रस्त्यावरही कपलिंगच्या दोन बाजू सतत वेगवेगळ्या गतीने फिरतात, आणि कितीही चांगले कपलिंग घातले तरी काही महिन्यांत ते भाजून निघते.

टायरच्या कडेवर छापलेले माप पाहून समाधान मानू नका. एकाच मापाचे दोन कंपन्यांचे टायरसुद्धा सारखे नसतात, आणि झीज तर डोळ्यांना फसवतेच. आधी चारही टायरची हवा थंड असताना योग्य भरून घ्या. सपाट जमिनीवर गाडी सरळ उभी करा, टायर जमिनीला टेकतो त्या जागी टायरवर आणि जमिनीवर खडूची खूण करा, आणि गाडी बरोबर १० फेरे होईपर्यंत हाताने ढकला. जिथे खूण पुन्हा जमिनीला लागेल तिथपर्यंतचे अंतर टेपने मोजा. पुढच्या आणि मागच्या चाकासाठी वेगवेगळे मोजा, आणि गाडीत नेहमी असते तेवढे सामान राहू द्या. एका फेऱ्यात दोन-तीन मिलिमीटरची चूक सहज होते, दहा फेऱ्यांत ती विरून जाते.

ढकलत असतानाच प्रत्येक चाकाचा ब्रेक पूर्ण सुटतो आहे ना, हेही बघा. पुढच्या कॅलिपरचा पिस्टन अडकलेला असला तर तोही गरम गाडी अडवतो आणि बिचारे कपलिंग बदनाम होते.

दंतचक्र:

वरच्या प्रतिसादाला थोडी आकड्यांची जोड देतो, कारण "थोडासा फरक चालतो" ही समजूत इथे फार महाग पडते.

कपलिंगच्या डब्यात बारीक अंतरावर रचलेल्या अनेक पातळ चकत्या असतात. एक आड एक चकती आतल्या शाफ्टला, आणि उरलेल्या बाहेरच्या डब्याला खाचांनी अडकवलेल्या असतात. त्यांच्यामध्ये अतिशय घट्ट सिलिकॉन द्रव असतो, आणि डबा मुद्दाम पूर्ण भरलेला नसतो. थोडी हवा ठेवलेली असते. दोन्ही बाजू सारख्या गतीने फिरत असतील तर कपलिंग काहीच करत नाही. गतीत फरक पडला की द्रव चकत्यांमध्ये ओढला जातो, विरोध करतो, आणि त्या विरोधातूनच ताकद पलीकडे जाते. मात्र फरकात वाया जाणारी सगळी शक्ती उष्णता होऊन त्याच डब्यात साठते.

आता हिशेब बघा. आपल्या टायरचा एका फेऱ्यातला पल्ला साधारण १.९६ मीटर धरू. ताशी ८० किलोमीटर वेगाला चाक मिनिटाला सुमारे ६८० फेरे घेते. घेरात दीड टक्का फरक असेल तर चाकापाशी मिनिटाला १० फेऱ्यांचा फरक पडतो. पण कपलिंग चाकापाशी नाही, डिफरन्शिअलच्या आधी आहे. क्राउन व्हील आणि पिनियनचे (डिफरन्शिअलमधल्या मोठ्या आणि लहान दातेरी चाकांचे) गुणोत्तर ४.८६ असेल तर तोच फरक कपलिंगपाशी मिनिटाला जवळजवळ ५० फेरे होतो.

याची तुलना तीव्र वळणाशी करा. या गाडीच्या पुढच्या-मागच्या आसांमधले अंतर सुमारे २.४६ मीटर आहे. मागचा आस साडेचार मीटर त्रिज्येवर फिरत असेल तर पुढचा सुमारे ५.१३ मीटर त्रिज्येवर फिरतो, म्हणजे पुढच्या चाकांना साधारण १४ टक्के जास्त अंतर कापावे लागते. चालण्याच्या वेगाने, ताशी ५ किलोमीटरने वळताना कपलिंगपाशी मिनिटाला अंदाजे २९ फेऱ्यांचा फरक पडतो, आणि तोही काही सेकंदांपुरता. म्हणजे झिजलेल्या टायरच्या जोडीमुळे कपलिंगला सरळ महामार्गावर तासन्‌तास जे सोसावे लागते, ते गाडी लावतानाच्या सर्वांत आखूड वळणापेक्षाही जास्त आहे. आपल्याला त्रास वळणात जाणवतो, पण इजा सरळ रस्त्यावर झालेली असते.

त्या ५० फेऱ्यांना कपलिंग समजा ६० न्यूटन-मीटर विरोध करत असेल, तर सुमारे ३०० वॉट उष्णता सतत तयार होते, आणि ती बाहेर पडायला वाट फक्त डब्याच्या पत्र्यातून आणि भोवतालच्या आवरणातून असते.

लांबचा पल्ला (धागाकर्ता):

काल सांगितल्याप्रमाणे मोजणी केली. पुढच्या चाकाच्या १० फेऱ्यांना १९.४२ मीटर, मागच्या चाकाच्या १० फेऱ्यांना १९.७१ मीटर. डाव्या आणि उजव्या बाजूत एका सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक नव्हता. म्हणजे जवळजवळ बरोबर दीड टक्का.

कारणही सापडले. मागचे दोन टायर मी गेल्या वर्षी नवे घेतले होते आणि पुढचे जुनेच राहू दिले. मागच्या टायरच्या खाचा ८ मिलिमीटर खोल आहेत, पुढच्या ३ मिलिमीटर. साधी चारचाकी समजून जोडी-जोडीने टायर बदलत राहिलो, ही माझी चूक आहे. एका मित्राकडून त्याच मापाचे आणि एकाच झिजेचे चार टायर तात्पुरते आणून बसवले आहेत. आता पुढे-मागे १० फेऱ्यांत ३ सेंटिमीटरचाच फरक येतो.

तरीही गरम झाल्यावर गाडी अडते. पूर्वीपेक्षा कमी, पण अडते. मग कपलिंग गेलेच, असे समजायचे का?

मधला डिफरन्शिअल:

धाग्यात मध्येच शिरतो आहे, पण माझी शंका याच विषयाची आहे. माझी गाडी मित्सुबिशी डेलिका स्पेस गिअर आहे आणि तिच्यातही व्हिस्कस कपलिंग आहे असे सांगतात. माझी अडचण मात्र नेमकी उलटी आहे. ४एच स्थितीत (चारही चाकांना ताकद, मधला डिफरन्शिअल मोकळा) असताना एक पुढचे चाक चिखलात गेले तर तेवढे एकच चाक गरगर फिरत राहते आणि गाडी हलत नाही. ४एचएलसी (मधला डिफरन्शिअल जखडलेला) लावले की लगेच निघते. वर दिलेल्या चाचण्या मलाही लागू होतात का?

दंतचक्र:

आपल्या गाडीतले कपलिंग वेगळे काम करते, त्यामुळे चाचणीही वेगळी करावी लागते. हा फरक न ओळखल्यामुळे चांगली कपलिंगे मोडीत गेलेली मी पाहिली आहेत, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

एका प्रकारात कपलिंग हाच दुसऱ्या आसाकडे जाणारा एकमेव रस्ता असतो. टी३ सिंक्रोमध्ये तो पुढे जातो. १९९३पासून आलेल्या टी४ सिंक्रोमध्ये इंजिन पुढे गेले, त्यामुळे कपलिंग मागच्या डिफरन्शिअलपाशी गेले. क्रायसलरच्या फोर-व्हील-ड्राइव्ह व्हॅनमध्येही ताकद कपलिंगमधूनच मागे जाते, आणि तिथे जोडीला ओव्हररनिंग (एकाच दिशेने पकड घेणारा) क्लच असतो, त्यामुळे तिथला दोष कपलिंगचा की त्या क्लचचा हे आणखी वेगळे तपासावे लागते. फोक्सवॅगनने २००३च्या टी५पासून कपलिंगच सोडून हॅल्डेक्सचा (इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचा) क्लच घेतला, त्यामुळे टी५च्या मालकांनी या धाग्यातले काहीच आपल्या गाडीला लावू नये.

दुसऱ्या प्रकारात पुढच्या आणि मागच्या आसांमध्ये खराखुरा मधला डिफरन्शिअल असतो, ताकद त्यातून वाटली जाते, आणि कपलिंग फक्त त्या डिफरन्शिअलच्या मोकळेपणाला आवर घालते. डेलिका स्पेस गिअर आणि जुनी शेव्हरोलेट अ‍ॅस्ट्रो या प्रकारात येतात. इथे कपलिंग मऊ झाले तर गाडी कोरड्या रस्त्यावर अगदी नीट चालते, काहीही जाणवत नाही, आणि नेमक्या गरजेच्या वेळी एक चाक फिरत राहते. आपले लक्षण तंतोतंत हेच आहे.

आणि म्हणूनच एक सावधगिरी. पहिल्या प्रकारात प्रॉपेलर शाफ्ट काढून गाडी चालवून पाहणे ही उत्तम चाचणी आहे. दुसऱ्या प्रकारात मात्र मधला डिफरन्शिअल मोकळा ठेवून एक शाफ्ट काढला तर इंजिनची सगळी ताकद कपलिंगवर येते आणि ते थोड्याच अंतरात भाजते.

डेलिकाची तपासणी उभ्या गाडीवर करा. ४एच निवडून काही मीटर चालवा, म्हणजे पुढचा आस गुंतला आहे याची खात्री होईल. मग इंजिन बंद करून गिअर न्यूट्रलमध्ये ठेवा, हँडब्रेक ओढा, तिन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा आणि एकच पुढचे चाक जॅकने उचलून गाडी स्टँडवर टेकवा. आता ते चाक हाताने फिरवा. मागचा आस जमिनीला जखडलेला आहे, त्यामुळे फिरण्यासाठी मधल्या डिफरन्शिअलला कपलिंगचा विरोध मोडावा लागतो. चांगल्या कपलिंगमध्ये चाक मधात फिरणाऱ्या पळीसारखे जड जाते, जोर लावला की हळूहळू सरकते, जोर काढला की तिथेच थांबते. सहज फिरले आणि सोडल्यावरही फिरत राहिले तर कपलिंगमध्ये विरोध उरलेला नाही. मग ४एचएलसी निवडून तेच करा. आता चाक जखडलेले मिळायला हवे. तिथेही फिरले तर दोष कपलिंगचा नसून निवडीच्या यंत्रणेचा आहे.

तेलकट हात:

धागाकर्त्यांसाठी. टायर सारखे केल्यावर त्रास कमी झाला पण गेला नाही, यावरून कपलिंगवर शिक्का मारू नका. आधी प्रॉपेलर शाफ्ट पूर्ण सोडवून तोच रस्ता, तेवढेच अंतर, तोच वळसा घेऊन बघा. आपल्या गाडीत हे निर्धोक आहे, फक्त शाफ्टची दोन्ही टोके काढा, लोंबते ठेवू नका. शाफ्ट काढूनही गाडी अडली तर ब्रेक, पुढची बेअरिंगे, ड्राइव्हशाफ्टचे सांधे यांच्याकडे वळायचे. शाफ्ट काढल्यावर मोकळी झाली तरच पुढची चाचणी.

पुढची चाचणी म्हणजे दांडीची. टी३मध्ये ती अशी करायची. गाडी पहिल्या गिअरमध्ये, इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना ठोकळे, पुढच्या डिफरन्शिअलचे लॉक असेल तर सोडलेले. एकच पुढचे चाक उचलायचे आणि गाडी स्टँडवर ठेवायची. जॅकवर भरवसा ठेवून गाडीखाली हात घालायचा नाही. चाकाच्या मधोमध घट्ट बसेल अशी एक दांडी जोडायची, मध्यापासून बरोबर १ मीटरवर ५ किलोचे वजन टांगायचे, दांडी आडव्या रेषेच्या वर ४५ अंशांवर धरून सोडायची आणि आडवी होईपर्यंतचा वेळ घड्याळावर मोजायचा.

नोंद करताना तापमान लिहायला विसरू नका. त्याच्याशिवाय सेकंदांना काही अर्थ नाही. आणि ही चाचणी दोनदा करायची: एकदा रात्रभर उभ्या असलेल्या गाडीवर, एकदा ४० किलोमीटर सरळ धावून आल्याबरोबर.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. एक आस उचलून दुसरा जमिनीवर असताना इंजिन चालू करून गिअर टाकायचा नाही, कधीही नाही. कपलिंगने पकड घेतली की जमिनीवरची चाके गाडीला स्टँडवरून खाली उडी मारायला लावतात. एकाच आसाचे ब्रेक तपासणाऱ्या रोलरवर आणि एक आस उचलून ओढून नेणाऱ्या वाहनावरही हाच धोका आहे. अशी गाडी न्यायची असेल तर चारही चाके वर घेऊनच न्यावी.

दंतचक्र:

दांडीच्या चाचणीत नेमके काय मोजले जाते ते सांगतो. १ मीटरवर ५ किलो म्हणजे आडव्या स्थितीत चाकावर सुमारे ४९ न्यूटन-मीटर. दुसऱ्या बाजूचे पुढचे चाक जमिनीवर स्थिर असल्यामुळे डिफरन्शिअलचा पिंजरा उचललेल्या चाकाच्या निम्म्या गतीने फिरतो, आणि ४.८६च्या गुणोत्तराने कपलिंगवर साधारण २० न्यूटन-मीटर पडतात. चाक ४५ अंश सरकते तेव्हा कपलिंग सुमारे १०९ अंश फिरलेले असते. म्हणजे ही अत्यंत संथ गतीची चाचणी आहे. द्रवाची श्यानता (घट्टपणा) कळते, बाकी फारसे नाही.

गरम चाचणीत काय अपेक्षित आहे, तेही आधीच ठरवून ठेवू. सिलिकॉन द्रवाचे वैशिष्ट्य हे की तापल्यावर तो खनिज तेलासारखा पाण्याइतका पातळ होत नाही. तापमान ३८ अंशांवरून ९९ अंशांवर गेले तर गिअर ऑइलची श्यानता साधारण दहाव्या भागावर येते, सिलिकॉनची ४० टक्क्यांच्या आसपास उरते. पण पातळ तो होतोच. म्हणून निरोगी कपलिंगमध्ये गरम असतानाचा वेळ थंड असतानाच्या वेळेपेक्षा कमी यायला हवा. तो जास्त आला तर ते अत्यंत महत्त्वाचे चिन्ह समजा.

लांबचा पल्ला (धागाकर्ता):

तीन दिवस लागले, पण सगळे क्रमाने केले.

शाफ्ट काढून ४० किलोमीटर धावलो आणि आल्याबरोबर स्टेअरिंग पूर्ण वळवले. गाडी लोण्यासारखी वळली, क्लच दाबल्यावरही सरकत राहिली. म्हणजे दोष ब्रेकचा किंवा बेअरिंगांचा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाफ्ट परत बसवून, हवेचे तापमान २४ अंश असताना दांडी लावली. ५२ सेकंद. तीनदा केले, ५२, ५४, ५२. मग ताशी ८०च्या आसपास ४० किलोमीटर धावलो. डिफरन्शिअलच्या नाकावर आणि मागच्या भागावर मी आधीच मॅट काळ्या टेपचे दोन तुकडे चिकटवले होते, कारण उघड्या अ‍ॅल्युमिनियमवर लेझरचे थर्मामीटर फार कमी तापमान दाखवते. आल्याबरोबर नाकावर ८८ अंश, क्राउन व्हीलच्या बाजूला ६१ अंश. जुने टायर असताना नाकावरचा आकडा ९६ आला होता.

दांडी लावली. एक मिनिट झाले, दीड झाले, दांडी जेमतेम अर्ध्यावर. ३ मिनिटे ४० सेकंदांनी ती आडवी झाली, आणि सरकताना संथ नव्हती; थोडी अडायची, मग किंचित घसरायची. पन्नास मिनिटे थांबलो, नाक ४० अंशांवर आल्यावर पुन्हा केली: ४९ सेकंद.

थंड असताना उत्तम, गरम असताना चौपट घट्ट, निवल्यावर पुन्हा उत्तम. थंड गाडीवरची चाचणी करून थांबलो असतो तर कपलिंग निर्दोष ठरवून मी भलतीकडे शोधत बसलो असतो.

दंतचक्र:

हे फार मोलाचे निरीक्षण आहे. आपण तीन वाचने घेतली आणि अडत-घसरत सरकणे टिपले, त्यावरून बरेच काही उलगडते.

द्रव नुसता जुना होऊन घट्ट झाला असता, तर कपलिंग थंड असतानाही घट्टच राहिले असते. अति तापल्याने जेलीसारखा झालेला द्रव निवल्यावर पुन्हा चांगला होत नाही. इथे घट्टपणा तापमानाबरोबर येतो आणि जातो. त्याचे कारण डब्यातली हवा.

सिलिकॉन द्रव दर अंशाला साधारण हजारात एक भाग या प्रमाणात फुगतो. डबा थंड असताना ८८ टक्के भरलेला असेल तर द्रव फुगून हवेची जागा संपवायला सुमारे १४० अंशांची वाढ लागते. नेहमीच्या वापरात तेवढी वाढ होत नाही. चाके चिखलात खूप वेळ घसरली तरच होते. तसे झाले की आतला दाब एकदम वाढतो, चकत्या एकमेकींवर दाबल्या जातात, धातू धातूला घासतो, आणि कपलिंग जवळजवळ जखडते. या अवस्थेला इंग्रजीत हंप म्हणतात. जखडल्यावर गतीतला फरक संपतो, उष्णता तयार होणे थांबते आणि कपलिंग निवते, म्हणून एका परीने हा बचावच आहे.

पण डबा ९५ टक्के भरलेला असेल, तर केवळ ५५ अंशांची वाढ पुरते. २४ अंशांवर सुरुवात करून ८० अंशांपाशी हवा संपली. आपल्या नाकावर ८८ अंश आहेत, आणि आत त्याहून जास्तच असणार. हा हिशेब ढोबळ आहे, हवा दाबाखाली द्रवात विरघळते ते मी धरलेले नाही, पण दिशा स्पष्ट आहे. माझे मत असे की आपल्या दुरुस्त केलेल्या कपलिंगमध्ये द्रव गरजेपेक्षा जास्त भरलेला आहे.

तेलकट हात:

मला हे पूर्ण पटते. असा द्रव डोळ्यांनी पाहून भरता येत नाही. तो इतका घट्ट असतो की ओतताना त्यात हवेचे फुगे अडकतात आणि भांडे भरले की नाही कळतच नाही, म्हणून तो वजनाने मोजून भरावा लागतो. भरल्यानंतर कपलिंग यंत्रावर ठरावीक गतीने फिरवून त्याचा विरोध तपासायचा असतो. अनेक ठिकाणी हे शेवटचे काम होतच नाही. हाताने फिरवून घट्ट लागले की कपलिंग तयार झाले असे समजतात.

काढल्यावर भरण्याचे बूच बघा. दुरुस्त केलेल्या कपलिंगवर बहुधा ते स्क्रूचे असते. पूर्ण थंड असताना, बूच वरच्या बाजूला येईल असे ठेवून हळूच उघडा आणि काय दिसते ते कळवा. स्वतःच थोडा द्रव काढून परत बसवण्याचा मोह मात्र टाळा. असमान टायरांनी तापलेला द्रव आणि एकमेकींवर घासलेल्या चकत्या, त्यातून सुटलेला धातूचा बारीक चुरा, हे सगळे आतच राहते.

मधला डिफरन्शिअल:

मीही चाचणी केली. ४एचमध्ये उचललेले चाक एका हाताने फिरले आणि सोडल्यावर आणखी पाव फेरा गेले. ४एचएलसीमध्ये घट्ट जखडले. म्हणजे माझे कपलिंग रिकामे झाले आहे, असेच ना? बाहेर कुठेही गळती दिसत नाही.

तेलकट हात:

बाहेर दिसणार नाही, कारण आपल्या गाडीत कपलिंग ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या आसांना ताकद वाटणाऱ्या पेटीच्या) आतच आहे. सील गेले तर सिलिकॉन तिथल्या तेलात जातो. तेल स्वच्छ पांढऱ्या भांड्यात काढा आणि रात्रभर न हलवता ठेवा. सिलिकॉन गिअर ऑइलमध्ये नीट मिसळत नाही. तळाशी किंवा कडेला वेगळे चिकट, तार धरणारे गोळे दिसले तर शंका उरत नाही. तसे काही दिसले नाही तरी हाताला लागलेला निकाल खरा धरा. घाई मात्र नाही. कोरड्या रस्त्यावर गाडीला धोका नाही, आणि चिखलात ४एचएलसी आहेच.

लांबचा पल्ला (धागाकर्ता):

कपलिंग काढले. एक दिवस बाकावर तसेच ठेवले, मग बूच वर करून अर्ध्या आट्याने सैल केले. पूर्ण काढायच्या आतच आट्यांमधून पारदर्शक द्रव वर आला आणि बुचाभोवती फुगीर थेंब होऊन बसला. बूच काढल्यावर पातळी भोकाच्या काठाला टेकलेली होती. आत बारीक तार घालून तिरके करून बघितले, हवेला जागा म्हणावी अशी नव्हतीच. द्रवाचा रंग मात्र पूर्ण पारदर्शक नव्हता, तारेला राखाडी छटा लागून आली.

दुरुस्ती करणाऱ्यांना मोजणीच्या सगळ्या नोंदी आणि बुचाचे छायाचित्र पाठवले आहे. मी मात्र या वेळी नवे, कारखान्यातून भरून आलेले कपलिंग बसवले, आणि चार नवे टायर एकदमच घेतले. १० फेऱ्यांना पुढे १९.७२ मीटर, मागे १९.७०.

नव्या कपलिंगचे आकडे इथे नोंदवून ठेवतो, म्हणजे पुढे टी३ तपासणाऱ्याला तुलनेला काहीतरी मिळेल. १ मीटर दांडी, ५ किलो वजन, ४५ अंश. हवा २३ अंश, गाडी रात्रभर उभी: ४७ सेकंद. ४० किलोमीटर सरळ धावून आल्याबरोबर, नाकावर ५८ अंश, क्राउन व्हीलपाशी ५५: ३१ सेकंद, आणि दांडी पूर्ण वेळ एकसारखी, न अडता खाली आली. हेच आकडे तारखेसह सर्व्हिसच्या वहीत लिहिले आहेत, आणि दर ५,००० किलोमीटरला टायरची मोजणी व वर्षातून एकदा दोन्ही वेळची दांडी, असे ठरवले आहे.

मधला डिफरन्शिअल:

तेल काढून रात्रभर ठेवले होते. सकाळी भांडे तिरके केले तेव्हा तळाशी बोटभर लांबीची, काचेसारखी तार सावकाश सरकली. ट्रान्सफर केस उघडायला दिली आहे. चकत्यांची अवस्था कळली की इथेच लिहितो.